दप्तरात कटर सापडला म्हणून मुलगा घरी: तुमच्या शाळेत जप्त वस्तूंचं पुढे काय होतं?

मंजू_अन्नपूर्णा

नमस्कार मंडळी. इंदूरच्या पालकांकडून आणि शिक्षकांकडून माहिती हवी आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कृपया कोणी अंदाज बांधू नये.

मुलगा आठवीत आहे. गेल्या आठवड्यात प्रार्थना चालू असताना दप्तरं तपासली. मुलं मैदानात, दप्तरं वर्गात. परत आला तेव्हा कंपास, टिफिन, कॉप्या (म्हणजे वह्या) सगळं बाकावर उपसून ठेवलेलं आणि पेपर कटर गायब. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तोच, प्लॅस्टिकचा, ब्लेड पुढे सरकवायचं. विज्ञान प्रदर्शनाच्या मॉडेलसाठी थर्माकोल कापायचं होतं, म्हणून मॅडमनीच आणायला सांगितला होता. डायरीत त्यांच्या अक्षरात तशी नोंद आहे. तिसऱ्या तासाला डिसिप्लिन इनचार्ज सरांनी मला बोलावून घेतलं, रजिस्टरमध्ये 'धारदार हत्यार' असं लिहिलं, माझी सही घेतली आणि 'सोमवारपर्यंत पाठवू नका' म्हणाले. डायरी दाखवली तर म्हणे, 'नियम सगळ्यांना सारखा.'

नियमाबद्दल माझी तक्रार नाहीच. डायरीच्या शेवटच्या पानावर यादी आहे आणि एप्रिलमध्ये मी तिच्यावर सही केली आहे. मोबाइल, स्मार्ट वॉच, धारदार वस्तू, फटाके, रंग, दागिने, नेलपॉलिश, च्युइंगगम, पाकीटबंद खाऊ, जास्तीचे पैसे. खाली एकच ओळ: 'आढळल्यास जप्त करण्यात येईल व योग्य ती कारवाई होईल.' योग्य म्हणजे काय, ते ठरवणार कोण, वस्तू परत कधी मिळणार, कोणाकडे मागायची, यातलं काही म्हणजे काही नाही.

आणि 'सगळ्यांना सारखा' म्हणाल तर त्याच तपासणीत त्याच वर्गातल्या दोन मुलांकडे मोबाइल सापडले. एकाचे वडील संध्याकाळी येऊन घेऊन गेले, त्यांचं व्यवस्थापनात उठणं-बसणं आहे. दुसरा आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) राखीव जागेवर शिकतो. त्याच्या आईला सांगितलं, मार्चमध्ये परीक्षा झाल्यावर या. ती चार घरी पोळ्या करते, फोन हप्त्यावर घेतलेला आहे आणि हप्ते अजून चालू आहेत. खरं सांगते, कटरपेक्षा मला हेच जास्त लागलं.

तुमच्या शाळांत हे कसं करतात? वस्तू घेतली तर पावती मिळते का? दप्तर मुलासमोर उघडतात की मागे?

छप्पन_का_भिया

पावती? मंजूताई, कुठल्या जगात राहून राहिल्या तुम्ही!

मी दोन वर्षांपूर्वीच बारावी करून निघालो. आमच्याकडे जप्त झालेली वस्तू म्हणजे स्टाफरूमची मालमत्ता. माझा टेनिस बॉल गेला होता, आणि सुट्टीत सर लोक त्याच बॉलने खेळून राहिले होते. बॉलवर मी पेनाने नाव लिहिलं होतं, तेही पुसलं नव्हतं कोणी.

मोबाइलचं सांगतो. ज्याला आणायचा तो आणतोच. घरात पडलेला बंद डबा हँडसेट वरच्या कप्प्यात, खरा बुटात नाहीतर टिफिनच्या पिशवीत चपातीच्या रुमालाखाली. तपासणीत डबा जातो, सर खूश, पोरगाही खूश. सापडतो तो साधा पोरगा, ज्याच्याकडे एकच फोन आहे. म्हणजे तुम्ही सांगितलं तेच.

निवृत्त_उपप्राचार्य

मंजूताई, तुमच्या शाळेने जे केलं ते मला पटलेलं नाही, पण आधी दुसरी बाजू मांडू द्या. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात काय काय जमा व्हायचं ते पाहिलं असतं तर पालकांना झोप लागली नसती. दाढीची अर्धी ब्लेडं. गुटख्याच्या पुड्या, आणि गुटख्यावर बंदी घालणारं देशातलं पहिलं राज्य आपलंच मध्य प्रदेश, २०१२ मध्ये. संक्रांतीच्या आठवड्यात चिनी मांजाच्या चकऱ्या, ज्यावर हरित लवादाने २०१७ पासून देशभर बंदी घातली आहे. शेवटी शेवटी पेनड्राइव्हसारखी दिसणारी ई-सिगारेट. पहिल्यांदा हातात आली तेव्हा आमच्या कॉम्प्युटरच्या मॅडमनी ती खरंच मशीनला लावायला घेतली होती.

आता यातली प्रत्येक गोष्ट 'निषिद्ध' आहे आणि मेंदीही 'निषिद्ध' आहे. एकाच यादीत, एकाच ओळीत. घोळ इथून सुरू होतो. ई-सिगारेट विकणं तर सोडाच, तिचा साठा करणंही २०१९ च्या कायद्याने गुन्हा आहे. तंबाखूचं म्हणाल तर २००३ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तर कोणालाच विकता येत नाही. म्हणजे मुलाच्या खिशात पुडी सापडली तर शाळेने पहिला प्रश्न 'कुठल्या टपरीवरून घेतलीस?' असा विचारायला हवा. बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमात मुलाला अंमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मी इतकी वर्षं शाळेत काढली, पण टपरीवाल्याविरुद्ध तक्रार द्यायला माझ्याबरोबर ठाण्यात यायला कोणी शिक्षक तयार झालेला आठवत नाही. मुलाला घरी बसवणं सोपं असतं.

मेंदी, नेलपॉलिश, च्युइंगगम ही शाळेची आवड-निवड झाली. ठेवा तुमची आवड, पण त्यासाठी मुलाला सबंध असेंब्लीपुढे उभं करू नका.

आणि कटर या दोन्हींत बसत नाही. ते साधन आहे. शाळेने मागवलं असेल तर शाळेने ते वर्गात वाटावं आणि तास संपला की मोजून परत घ्यावं. आमच्या वर्कशॉपला हातोड्यांचं तसंच होतं.

कडक_काका_विजयनगर

माझं मत वेगळं आहे आणि ते कोणाला आवडणार नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये उदयपूरला दहावीतल्या मुलाला वर्गमित्राने चाकू मारला, मुलगा गेला, शहर पेटलं. बरोबर एका वर्षाने, ऑगस्ट २०२५ मध्ये, अहमदाबादला आठवीतल्या मुलाने दहावीतल्या मुलाला मारलं. दोन्ही ठिकाणी नंतर पालकांनीच विचारलं की दप्तरं का तपासली नाहीत. मग आता तपासून राहिले आहेत तर ओरडा कशाला? कटरचं ब्लेड गळ्यावर फिरलं तर ते प्रदर्शनासाठी आणलं होतं की मारायला, याने काय फरक पडतो? सरांनी प्रत्येक मुलाची डायरी वाचत बसायचं का? सरसकट नियम असला की कोणाला वशिला लावायला जागा राहत नाही.

मंजू_अन्नपूर्णा

काका, शेवटचं वाक्य परत वाचा. नियम सरसकटच होता, तरी एक मोबाइल संध्याकाळी गेला आणि एक मार्चपर्यंत अडकला. नियमात पायरी लिहिलेली नसली की ती पायरी माणूस ठरवतो, आणि माणूस समोरच्याचे कपडे पाहून ठरवतो.

आणि हो, डायरी वाचायला वेळ नव्हता, पण मुलगा हत्यार घेऊन आला असं लिहायला वेळ होता?

बडोदेकर_मांडवी

उदयपूरनंतर राजस्थानच्या शिक्षण विभागाने शाळांत चाकू, धारदार कात्र्या वगैरे आणायला बंदी घालून दप्तरं अधूनमधून तपासायला सांगितलं होतं. अहमदाबादच्या घटनेनंतर आमच्या बडोद्यातही पालकांच्या ग्रुपवर हीच मागणी आली, माझीही होती. पुढे काय झालं ऐका. पहिल्या आठवड्यात रोज तपासणी. दुसऱ्या आठवड्यात फक्त आठवी ते दहावी. मग फक्त मुलगे. मग फक्त 'ती' मुलं, म्हणजे ज्यांच्यावर आधीपासून शिक्का आहे. आता फाटकावर एक काका उभे असतात आणि दप्तराला वरून हात लावून सोडतात. भूमितीच्या पेटीतलं कर्कटक मात्र रोज आत जातं, कारण ते अभ्यासक्रमात आहे. त्याचं टोक कटरपेक्षा कमी नाही, काका.

वकील_पलासियाकर

कायद्याचं थोडं लिहिते. सल्ला म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

मुलगा आठवीत आहे म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं १६ वं कलम लागू होतं. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत शाळेला मुलाचं नाव काढून टाकता येत नाही. २०१९ ची दुरुस्ती नापास करण्यापुरती आहे, काढून टाकण्यावरची बंदी तशीच आहे. 'पुन्हा सापडलं तर टीसी देऊ' ही धमकी आठवीपर्यंत पोकळ आहे. १७ वं कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी करतं आणि ते खासगी शाळांनाही लागू आहे. काही दिवस घरी बसवण्याबद्दल मात्र कायद्यात थेट काही नाही, आणि शाळा नेमक्या त्याच फटीतून जातात.

मोबाइलबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाचा २८ फेब्रुवारी २०२५ चा आदेश वाचण्यासारखा आहे. केंद्रीय विद्यालयाच्या एका अल्पवयीन विद्यार्थ्याचं प्रकरण होतं. न्यायालय म्हणालं की शाळेत स्मार्टफोन आणण्यावर सरसकट बंदी इष्टही नाही आणि चालण्यासारखीही नाही. शक्य असेल तिथे शाळेने आल्यावर फोन जमा करून सुरक्षित ठेवावेत आणि जाताना द्यावेत. वर्गात वापर नाही. शाळेत आणि शाळेच्या गाडीत चित्रण किंवा रेकॉर्डिंग नाही. धोरण पालक, शिक्षक आणि तज्ज्ञांशी बोलून ठरवावं. नियम मोडला तर परिणाम काय होतील ते आधी स्पष्ट असावं, ते न्याय्य असावेत, फार कठोर नसावेत. ठरावीक काळ फोन जप्त ठेवणं किंवा काही दिवस फोन आणायची परवानगी काढून घेणं अशी उदाहरणंही दिली आहेत. 'ठरावीक काळ' हे शब्द महत्त्वाचे. 'मार्चमध्ये या' हा काळ त्यात बसवून दाखवणं शाळेला जड जाईल. आदेश दिल्लीचा आहे, मध्य प्रदेशातल्या शाळांना तो थेट बांधत नाही, पण प्रिन्सिपलसमोर ठेवायला उत्तम.

आणि झडतीबद्दल. हे आपल्या शहरात घडलेलं आहे म्हणून लिहिते. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका सरकारी मुलींच्या शाळेत मोबाइल शोधताना शिक्षिकेने मुलींना कपडे उतरवायला लावले अशी तक्रार झाली. पालक ठाण्यात गेले. प्रकरण जनहित याचिकेतून उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेलं आणि शिक्षिकेवर गुन्हा नोंदला गेला. एका मोबाइलसाठी. दप्तर उघडणं आणि अंगाला हात लावणं यांच्यात कुठेतरी रेघ आहे, आणि आपल्या एकाही शाळेच्या डायरीत ती मी छापलेली पाहिलेली नाही.

वर्गात_पंचावन्न

सगळे शिक्षकांना धरून राहिले आहेत, म्हणून मी पण लिहिते. मी नववी-दहावीला शिकवते, इंदूरमध्येच.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात एका मुलाने बाकाखालून माझा व्हिडिओ काढला. मी फळ्याकडे वळले होते. त्यावर गाणं चढवून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सबंध शाळेने पाहिलं. मी काय केलं ते विचारू नका, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्या मुलाचे वडील शाळेत येऊन म्हणाले, 'बच्चा है मॅडम.' त्यामुळे मोबाइल नको म्हटलं की मी व्यवस्थापनाच्या बाजूने हात वर करते.

आता जप्तीबद्दल. फोन जप्त करायचं काम माझं. ठेवायला कुलूपबंद कपाट नाही, स्टाफरूमचा एक ड्रॉवर, त्याची चावी शिपाईभाऊंकडे. एका सहकाऱ्याकडून एक फोन गहाळ झाला आणि पालकांनी पस्तीस हजार मागितले. शाळा म्हणाली, तुम्ही घेतला, तुम्ही बघा. पावती मिळाली तर पालकांपेक्षा मला जास्त हवी आहे, समजलं का? पावती नसण्याचा फायदा ना तुम्हाला, ना मला. फायदा वरच्यांना, कारण काहीच लिहिलेलं नसलं की कोणाचीच जबाबदारी नाही.

डिसिप्लिन इनचार्ज ही पण एक गंमत आहे. ती नेमणूक ज्याचा आवाज मोठा त्याला मिळते, प्रशिक्षण शून्य.

निवृत्त_उपप्राचार्य

मॅडम, तुमचा मुद्दा सोळा आणे खरा.

माझी पुतणी इंग्लंडमध्ये, लेस्टरला शिकवते. तिथे मुलाच्या परवानगीशिवाय झडती कशासाठी घेता येते त्याची यादीच कायद्याने केलेली आहे: चाकू आणि हत्यारं, दारू, अंमली पदार्थ, चोरीचा माल, तंबाखू, फटाके, अश्लील चित्रं. शाळेला स्वतःच्या नियमात आणखी वस्तू घालता येतात, पण त्यांच्यासाठी झडती घेतली जाईल असं आधी जाहीर केलेलं असावं लागतं. झडती घेणारा मुलाच्याच लिंगाचा, शेजारी साक्षीला दुसरा कर्मचारी. अगदी तातडीचा धोका असेल तरच यातून सूट. वरचा कोट, टोपी, बूट यापलीकडे काही काढायला लावायचं नाही. आणि तुमच्या कामाची गोष्ट: नियमानुसार जप्त केलेली वस्तू हरवली किंवा खराब झाली तर कायदा शिक्षकाला संरक्षण देतो. २००६ च्या कायद्यात तसं कलमच आहे. म्हणजे पद्धत पाळा, मग आम्ही तुमच्या पाठीशी. आपल्याकडे पद्धतही नाही आणि पाठही नाही.

जर्सीची_वहिनी

रामबागेत वाढले, आता न्यू जर्सीत. मुली इथल्या पब्लिक स्कूलमध्ये.

कडक काकांसाठी लिहिते आहे. तुम्ही म्हणता तसा सरसकट नियम अमेरिकेने करून पाहिला. १९९४ मध्ये केंद्राने कायदा केला की बंदूक आणणाऱ्या मुलाला किमान एक वर्ष शाळेबाहेर काढा, नाहीतर निधी नाही. बंदुकीपुरतं ठीक होतं. पण शाळांनी तोच हिशेब खाली खाली नेला. पेनचाकू, नेलकटर, डोकेदुखीची गोळी, सगळं एकाच मापाने. २०१३ मध्ये मेरीलँडमध्ये सात वर्षांच्या पोराने नाश्त्याची पेस्ट्री चावून तिला बंदुकीसारखा आकार दिला म्हणून त्याला दोन दिवस घरी बसवलं. पेस्ट्री, काका! २००८ मध्येच अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने सगळं तपासून सांगितलं होतं की अशा धोरणाने शाळा जास्त सुरक्षित झाल्याचा पुरावा नाही. आणि शिक्षा कोणाला जास्त झाल्या? काळ्या मुलांना. म्हणजे सरसकट नियमात वशिला चालत नाही हे इथेही खरं ठरलं नाही.

झडतीवरचे दोन मोठे निकाल आहेत. पहिला आमच्याच राज्यातला, १९८५ चा. चौदा वर्षांची मुलगी बाथरूममध्ये सिगारेट ओढताना सापडली, उपप्राचार्यांनी पर्स उघडली, आत गांजा निघाला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शाळेला पोलिसांइतकं कडक कारण लागत नाही, वाजवी संशय पुरे. पण झडती मुलाच्या वयाला आणि गुन्ह्याच्या मानाला शोभेल इतपतच हवी. दुसरा २००९ चा, ॲरिझोनातला. तेरा वर्षांच्या मुलीला आयब्युप्रोफेनच्या गोळ्यांच्या संशयावरून अंतर्वस्त्रांपर्यंत तपासलं. त्यात नऊपैकी आठ न्यायाधीश म्हणाले, हे घटनाबाह्य आहे. दुखण्याच्या गोळीसाठी एवढं नाही करायचं. इंदूरची बातमी वाचली तेव्हा मला हाच खटला आठवला.

इथलं सगळं छान आहे असं मी अजिबात म्हणत नाही. फाटकावर धातू तपासायची कमान लावलेल्या शाळा आहेत इथे. देव करो आणि तुमच्यावर ती वेळ न येवो.

साखरेची_आई

वाचत होते, लिहिणार नव्हते, पण वहिनींनी औषधांचं काढलं म्हणून.

माझ्या मुलीला टाइप वन मधुमेह आहे. तिच्या दप्तरात इन्सुलिनचं पेन, सुया, साखर तपासायची पट्टी, आणि साखर उतरली तर म्हणून चॉकलेट किंवा ग्लुकोज बिस्किटं असतात. आता तुमच्या यादीशी ताडून बघा: धारदार वस्तू आहे, पाकीटबंद खाऊ आहे. आणि दंडाला सेन्सर लावला आहे, त्याचे आकडे मोबाइलवर येतात, म्हणजे तिसरी निषिद्ध वस्तूही आली. माझी पोर चालती-फिरती नियमभंग आहे.

नव्या शाळेत पहिल्याच तपासणीत सगळा डबा उचलून ऑफिसात नेऊन ठेवला. तिला शारीरिक शिक्षणाच्या तासाला घाम फुटला, हात थरथरायला लागले. मैत्रीण धावत ऑफिसात गेली, तिथे बाई म्हणाल्या, 'सर येऊ देत.' मैत्रिणीच्या टिफिनमध्ये गूळपोळी होती म्हणून निभावलं.

सीबीएसईने २०१७ पासून टाइप वनच्या मुलांना परीक्षा हॉलमध्येसुद्धा गोळ्या, फळं, ग्लुकोमीटर न्यायला मुभा दिली आहे. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहून शाळेत साखर तपासणं, इन्सुलिन घेणं, मधेच खाणं यासाठी परवानगी द्यायला सांगितलं. ही कागदं मी आता फोल्डरमध्ये घेऊनच फिरते. पण मला विचाराल तर डबा उचलताना त्या सरांनी मुलीला एकदा विचारलं असतं, 'हे काय आहे?', तर एकाही परिपत्रकाची गरज नव्हती. मुलासमोर दप्तर उघडायचं ते एवढ्यासाठी.

कडक_काका_विजयनगर

ताई, हे मला माहीत नव्हतं. औषधांना सूट हवीच, त्यात वाद नाही. पण त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आधीच ऑफिसात दिलेली असावी. कटरबद्दल मी अजून तिथेच आहे.

साखरेची_आई

दिलेली होती काका. ऑफिसात होती. डबाही तिथेच नेऊन ठेवला होता.

छप्पन_का_भिया

काका क्लीन बोल्ड.

बरं, गाड्यांवर कोणी का बोलून राहिलं नाही? सगळ्या शाळांत नियम आहे, 'विद्यार्थ्यांनी दुचाकी आणू नये.' आणि शाळेसमोरच्या किराणा दुकानापुढे पन्नास ॲक्टिव्हा उभ्या. दुकानवाला दहा रुपये घेतो. अकरावीची पोरं, लायसन कोणाकडे नाही. गार्डकाका रोज बघतात, सर लोक तिथूनच जातात. फाटकाच्या आत गाडी नाही म्हणजे नियम पाळला गेला! च्युइंगगमवर शिक्षा आणि याच्यावर कोणाचा शब्द नाही.

वकील_पलासियाकर

अगदी बरोबर बोललात. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सोळा वर्षांनंतर विनागिअर गाडीचं लायसन मिळतं, पण पन्नास सीसीपर्यंतच, आणि ॲक्टिव्हा त्यात बसत नाही. यात शाळेइतकेच आपण पालक दोषी आहोत, चावी आपणच देतो.

रंगपंचमी_प्रेमी

मेंदी आणि राखी राहिली. माझ्या भाचीला श्रावणात मेंदी लावली म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं. २०२३ मध्ये बाल हक्क आयोगाने याच्यावरही राज्यांना पत्र काढलं होतं, सणावाराला राखी, टिळा, मेंदी यावरून शिक्षा करू नका म्हणून. आणि गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) आदल्या दिवशी तर आमच्या शाळेत रंगाची एक पुडी सापडली की सगळ्यांचे खिसे उलटे. इंदूरमध्ये राहून रंगपंचमीला रंग निषिद्ध! अर्थात परीक्षेच्या पेपरवर गुलाल सांडलेला मी पाहिला आहे, त्यामुळे सरांची बाजूही समजते. यावरून आठवलं, एका शाळेत तर कडं घालून येणाऱ्या मुलाला

व्यवस्थापक

धार्मिक चिन्हांवरचा हा फाटा इथेच थांबवत आहे. वरचा प्रतिसाद तिथपर्यंतच ठेवला आहे, पुढचा भाग आणि त्यावरचे काही प्रतिसाद काढले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा आणि तिथे एकमेकांशी नीट बोला. इथे जप्ती, झडती आणि परत मिळणं एवढंच.

मंजू_अन्नपूर्णा

सगळ्यांचे आभार. घडलं ते लिहिते.

डायरीचं पान, दिल्लीच्या आदेशाचा सारांश आणि साखरेची आई यांनी सांगितलेली पत्रं घेऊन प्रिन्सिपल मॅडमना भेटले. मी आवाज चढवला नाही, हे मुद्दाम सांगते, कारण घरून तीच ताकीद होती. मॅडमनी डायरी पाहिली, विज्ञानाच्या मॅडमना बोलावलं. त्या आधी म्हणाल्या, 'मी घरी कापून आणायला सांगितलं होतं.' मग डायरीतलं वाक्य वाचलं आणि गप्प बसल्या. रजिस्टरमध्ये 'धारदार हत्यार' खोडून 'हस्तकलेचं साधन, शिक्षकांच्या सूचनेवरून आणलेलं' असं लिहून घेतलं, खाली मॅडमची सही. गैरहजेरी मात्र तशीच राहिली. कटरही परत दिला.

दुसऱ्या मुलाच्या फोनबद्दल विचारलं तर म्हणाल्या, त्याच्या पालकांनी स्वतः अर्ज द्यावा. रास्त आहे. त्याच्या आईबरोबर बसून अर्ज लिहिला. तिला हिंदी लिहिता येतं, पण प्रिन्सिपल म्हटलं की तिचा हात थांबतो. फोन मिळाला. स्क्रीनच्या कोपऱ्यात चीर आहे. आधी होती की ड्रॉवरमध्ये झाली? ती म्हणते नव्हती. शाळा म्हणते होती. कागद कोणाकडेच नाही, त्यामुळे विषय तिथेच संपला. हप्ते ती भरतेच आहे.

कडक काका, तुमची शंका मनात ठेवून मी मॅडमना हेही म्हटलं की कटर, कात्री शाळेनेच ठेवावी आणि मोजून द्यावी. तेवढं लगेच मान्य झालं.

बडोदेकर_मांडवी

शाळेने ऐकलं नसतं तर पुढे कुठे जाणार होतात?

वकील_पलासियाकर

क्रमाने: शाळेला लेखी अर्ज, मग जिल्हा शिक्षणाधिकारी, मग कलेक्टर कचेरीतली मंगळवारची जनसुनवाई किंवा १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार, मग भोपाळचा राज्य बाल हक्क आयोग. मूल घाबरलेलं असेल किंवा अंगझडती झाली असेल तर क्रम विसरा, थेट १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. पण कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न 'शाळेला लिहून दिलं होतं का?' हाच असतो. तोंडी भांडण कागदावर उमटत नाही.

साखरेची_आई

मंजूताई, पीटीएममध्ये (पालक-शिक्षक बैठकीत) सगळ्या पालकांनी मिळून द्यायचा अर्ज करू या का? तुम्ही मसुदा टाका, मी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर फिरवते.

मंजू_अन्नपूर्णा

कच्चा आहे, सुधारा:

'माननीय प्राचार्य महोदया, शाळेच्या निषिद्ध वस्तूंच्या नियमास आमचा विरोध नाही. विनंती अशी की दप्तर विद्यार्थ्याच्या उपस्थितीत व दोन शिक्षकांसमोर उघडावे. शरीराची झडती कोणत्याही कारणाने घेऊ नये, तशी गरज वाटल्यास पालकांना बोलवावे. जप्त वस्तूची पावती त्याच दिवशी द्यावी. वस्तू पालकांना किती दिवसांत परत मिळेल ते डायरीत छापावे व सर्वांना तेच लागू असावे. वैद्यकीय साहित्य, तसेच शिक्षकांनी डायरीत लिहून मागवलेले साहित्य जप्त करू नये. कायद्याने बंदी असलेली वस्तू सापडल्यास पालकांना तत्काळ कळवावे व ती विकणाऱ्याविरुद्ध शाळेने तक्रार द्यावी.'

वर्गात_पंचावन्न

पावतीच्या ओळीत 'वस्तूची स्थिती' जोडा. चीर, ओरखडा, चालू की बंद. आणि त्यावर विद्यार्थ्याची आणि शिक्षकाची, दोन्ही सह्या. जप्त वस्तू ठेवायला कुलूपाचं कपाट शाळेने द्यावं हेही लिहा. आम्ही मागितलं की बजेट नसतं, पालकांनी मागितलं तर निघेल.

कडक_काका_विजयनगर

कात्री-कटर शाळेने मोजून द्यावे, हे पण लेखी घ्या. तोंडी 'मान्य' पुढच्या वर्षी कोणाला आठवत नाही. मग माझीही सही धरा, नातू त्याच शाळेत सहावीला आहे बहुतेक.

मंजू_अन्नपूर्णा

तिन्ही गोष्टी जोडल्या. काका, अंदाज बांधू नका म्हटलं होतं!

निवृत्त_उपप्राचार्य

दोन प्रती काढा. एक ऑफिसात द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का मारायला बाबूजी टाळाटाळ करतील, जेवायला गेले म्हणतील. तिथेच बसून राहा.